फलकाखालचे नाव : लॉर्ड टिम बेल यांची कारकीर्द

जनसंपर्काच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांसमोर बोलायचे ठरल्यावर मी ब्रिटनचे जाहिरात आणि जनसंपर्क तज्ज्ञ टिम बेल यांची निवड केली. या व्यवसायाची ताकद आणि त्याची घसरण, दोन्ही त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात पाहायला मिळतात.

बेल यांचा जन्म 1941 साली उत्तर लंडनमध्ये झाला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. विद्यापीठाची पायरी न चढता ते अठराव्या वर्षी एबीसी टेलिव्हिजनमध्ये टपाल वाटणारा पोऱ्या म्हणून लागले. पुढे जाहिरात संस्थांमध्ये वृत्तपत्रांतील जागा आणि दूरचित्रवाणीवरील वेळ घासाघीस करून विकत घेण्याचे काम ते शिकले, आणि 1970 मध्ये मॉरिस आणि चार्ल्स या साची बंधूंनी नवी संस्था काढली तेव्हा ते माध्यम संचालक म्हणून तिच्यात सामील झाले. अबोल चार्ल्स ग्राहकांसमोर यायचे टाळत, त्यामुळे समोरच्याला जिंकून घेण्याचे काम बेल यांच्याकडे आले. लोक त्यांना तिसरा साची म्हणू लागले.

1978 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाने आपला प्रचार या संस्थेकडे सोपवला. त्यातून निघालेला फलक आजही अभ्यासला जातो. बेकारांच्या कार्यालयाबाहेर नागमोडी वळणे घेत गेलेली लांबच लांब रांग आणि वर ‘लेबर इज्न्ट वर्किंग’ ही तीन शब्दांची ओळ, म्हणजे मजूर पक्षाचा कारभारही ठप्प आणि कामगारही रिकामे. रांगेतली माणसे मात्र बेकार नव्हती. ते हेंडन भागातले हुजूर पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते, आणि अपेक्षेपेक्षा फारच थोडे, जेमतेम वीसएक जण आल्यामुळे त्यांचीच पुन्हापुन्हा छायाचित्रे घेऊन ती जोडावी लागली. फलक मोजक्याच ठिकाणी लागला होता. पण सत्ताधारी मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी संसदेत त्याच्यावर तोफ डागली आणि जे चित्र रस्त्यावर थोड्यांनीच पाहिले असते ते वृत्तपत्रांतून देशभर पोचले. मे 1979 मध्ये थॅचर सत्तेवर आल्या. त्यांच्याच कारकिर्दीत पुढे बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली, हेही सांगितले पाहिजे.

रांग बनावट होती, तरी फलकाच्या तळाशी हुजूर पक्षाचे नाव ठळक छापलेले होते. आपल्याशी कोण बोलत आहे आणि त्याचा स्वार्थ काय, हे मतदाराला कळत होते, आणि आवडले नाही तर त्या नावाला मत न देण्याची मोकळीक त्याला होती. ही साधी गोष्ट बेल यांच्या पुढच्या प्रवासात हळूहळू निसटत गेली, असे माझे मत आहे.

1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात त्यांनी खाणी चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला सल्ला दिला, साची सोडली आणि नंतर स्वतःची जनसंपर्क कंपनी उभी केली. तीच पुढे बेल पॉटिंजर झाली. थॅचर यांच्या शिफारशीने त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि 1998 मध्ये ते लॉर्ड बेल म्हणून उमराव सभागृहात बसले. थॅचर यांच्यावरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत टिकली. 8 एप्रिल 2013 रोजी थॅचर यांच्या निधनाची वार्ता जगाला बेल यांनीच दिली. दरम्यान चिलीचे हुकूमशहा पिनोशे यांच्या समर्थकांपासून बेलारूसच्या लुकाशेन्कोंपर्यंत अनेकांची कामे त्यांनी घेतली. आरोपीला जसा वकील, तसा प्रत्येकाला आपली बाजू मांडणारा मिळाला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. न्यायालयात वकील कोणाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते, समोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाला यातले काहीच मिळत नाही.

जानेवारी 2016 मध्ये बेल जोहान्सबर्गला गेले आणि मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता बंधूंच्या ओकबे या कंपनीचे काम महिना एक लाख पौंडांना ठरले. दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेल्या जवळिकीमुळे गुप्तांवर टीका होत होती. ती वळवण्यासाठी, गोऱ्या भांडवलदारांनी देशावर ‘आर्थिक वर्णभेद’ लादला आहे, असा प्रचार सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेत आर्थिक विषमता खरोखरच भयंकर आहे, आणि म्हणूनच हे कृत्य मला फार गंभीर वाटते : लाखो गरिबांचे खरे दुःख एका श्रीमंत कुटुंबाची ढाल म्हणून वापरले गेले. 2017 मध्ये गुप्तांचे ईमेल फुटले, डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने तक्रार केली, आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या जनसंपर्क संघटनेने बेल पॉटिंजरला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकले. आठच दिवसांत कंपनी दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या ताब्यात गेली.

बेल यांनी 2016 च्या ऑगस्टमध्येच कंपनी सोडली होती. बीबीसीच्या न्यूजनाइट कार्यक्रमात मुलाखत चालू असताना त्यांचा मोबाइल दोनदा वाजला. इतरांना कॅमेऱ्यासमोर कसे बसावे हे आयुष्यभर शिकवलेला माणूस खिसा चाचपत राहिला. गुप्तांचे काम आपल्याला मान्य नव्हते, असे ते सांगत होते, पण पहिल्या भेटीला ते स्वतः गेले होते. ऑगस्ट 2019 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ब्रिटनमध्ये 2014 च्या कायद्याने सल्लागारांची नोंदवही सुरू झाली खरी, परंतु तिच्यात मंत्र्यांशी आणि सर्वोच्च सचिवांशी ग्राहकाच्या वतीने थेट संपर्क साधणाऱ्यांचीच नोंद होते. लंडनमध्ये बसून दुसऱ्या देशातल्या जनतेचे मत वळवण्याचे काम कोणी घेतले, तर ते कोणासाठी घेतले हे त्या वहीत लिहावे लागत नाही.