नकाशावरची बाई कोण?

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. एवढ्या उन्हात तुम्ही आलात, पंख्याखालची जागा सोडून पुढच्या रांगेत येऊन बसलात, याचा मला फार आनंद आहे. निमंत्रणावर विषय छापलाय ‘जुन्या नकाशांतला खान्देश’. खान्देशावर मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

भूगोल शिकवताना मी मुलांना दिशा, प्रमाण, सूची या क्रमाने नकाशा वाचायला शिकवलं. कडेला चित्रं असली तर ती शोभेची, सोडून द्यायची. तीस वर्षं मी असं शिकवलं आणि ते चुकीचं होतं. आपल्या घरी लग्नपत्रिका येते तेव्हा आपण काय करतो? मुहूर्त नंतर बघतो, आधी निमंत्रकांची नावं. कोण वर, कोण खाली, कोणत्या काकांचं नाव गाळलंय. त्या घरात काय चाललंय ते तिथे कळतं. जुन्या नकाशांचंही तसंच आहे. नकाशाच्या नावाभोवती जी नक्षीदार चौकट असते तिला युरोपात कार्टूश म्हणतात. मी तिला मखर म्हणतो, कारण आत कोणाला बसवलंय हे आधी पाहायचं असतं.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने इतिहासाचं दालन उभारलं. भिंतीवर मोठा नकाशा हवा होता. मी त्यांना ईस्ट इंडिया कंपनीसाठी बंगालची मोजणी करणाऱ्या जेम्स रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशाची चांगली प्रत मिळवून दिली. उद्घाटनाला गेलो. नकाशा भिंतभर, छपाई सुरेख, आणि मखर गायब! तिथे पाच देणगीदारांचे फोटो, गोल चौकटीत. मी विचारलं, तर ज्याने काम केलं तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, ती नुसती नक्षी होती. माहिती सगळी ठेवलीय.” त्या रात्री मला झोप लागली नाही. देणगीदार भली माणसं आहेत, त्यांच्याच पैशाने ते दालन उभं राहिलं. पण मनात एकच येत राहिलं: ज्याने खर्च केला त्याला नकाशावर जागा मिळाली. रेनेलच्या मखरातही नेमकं हेच होतं, आणि तेच आपण कापून टाकलं.

त्या मखरात काय आहे ते सांगतो. मध्ये उंच जागी एक बाई उभी. मागे मी हे चित्र एका खेड्यात दाखवलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, “मास्तर, हाई बाई कोन शे?” अख्ख्या व्याख्यानाला पुरेल असा प्रश्न! ती ब्रिटानिया, ब्रिटन देशाची मूर्ती. तिच्यापुढे पंडित वाकून उभे आहेत आणि आपले धर्मग्रंथ तिच्या हाती देताहेत. रेनेलने नकाशासोबतच्या पुस्तकात स्वतःच अर्थ सांगून ठेवलाय: १७८१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने बंगालच्या प्रजेवर जी कृपा केली, तिची ही आठवण. त्या वर्षी कायदा झाला की वारसा, करार अशा बाबतींत हिंदूंना हिंदूंचे आणि मुसलमानांना मुसलमानांचे नियम लावावेत. म्हणजे कायदा आमचाच, पण तो आम्हाला परत देणारी ती. ग्रंथ कोणाच्या हातातून कोणाच्या हातात चाललेत, हे चित्रात अगदी स्पष्ट आहे.

आता खाली या. ती ज्या चौथऱ्याच्या आधाराने उभी आहे, त्यावर इंग्रजांनी जिंकलेल्या लढायांची नावं कोरलीत. एक शिपाई, आपल्यातलाच, दुसऱ्या शिपायाला बोटाने ताज्या लढाया दाखवतोय, पोर्टो नोव्हो आणि शोलिंगूर. तिचा भाला कापडाच्या ठाणावर टेकलाय. आणि सगळ्याभोवती फुलांची माळ आहे. तेच आजोबा भिंगातून बराच वेळ बघत होते. आधी म्हणाले, कापसाचं बोंड. मग मान हलवली: नाही, ही खसखस. बरोबर ओळखलं त्यांनी! अफूचीच झाडं ती. बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीने १७७३ मध्ये आपल्या हाती घेतला होता, माल चीनकडे जायचा. कायदा, तलवार, कापड, अफू. कंपनीचा सगळा कारभार त्या हातभर जागेत मांडलाय. आणि आपण म्हणायचं, नक्षी!

बादशहाही यात मागे नव्हते. विल्यम बॅफिनचा १६१९ चा मोगल राज्याचा नकाशा घ्या. सर टॉमस रो या इंग्रज राजदूताने आणलेल्या माहितीवर तो बेतला होता. त्यावर जहांगीरची मोहोर आहे, भोवती तैमूरपर्यंतच्या पूर्वजांची नावं वर्तुळात. आग्रा ते लाहोर रस्त्याला दुतर्फा झाडांची रांग काढलीय, आणि ती झाडं खरोखरच तिथे होती. हा रो आपल्या बऱ्हाणपूरला आला होता बरं का, १६१५ च्या नोव्हेंबरात. शहजादा परवेझला त्याने भेटीदाखल मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली. शहजाद्याने ती लगेच उघडली आणि ठरलेली पुढची भेट राहूनच गेली!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. खान्देशावर येतो.

रेनेलचं स्वतःचं काम बंगालमधलं. दूरच्या मुलखासाठी त्याची भिस्त बरीचशी सैन्याच्या कूचांच्या नोंदींवर होती. इंग्रजांच्या जनरल गॉडार्डची फौज १७७९ च्या जानेवारीअखेर बऱ्हाणपुरात होती आणि फेब्रुवारीअखेर सुरतेत. मधला मुलूख कोणता? आपला, तापीकाठचा. तेव्हा रेनेलच्या नकाशावर खान्देशातलं गाव दिसलं की आधी विचारा, इथून कोण गेलं होतं? फ्रान्सच्या दानव्हिलने १७५२ च्या नकाशात ठाऊक नसलेला मुलूख कोराच सोडला. मला त्याचा फार आदर वाटतो. पण कोरी जागाही वाचायची असते. तिथे माणसं राहत होतीच.

पुढे मखरं गेली. महसुली मोजणीचे गावनकाशे आले, त्यांवर ना सिंह, ना फूल. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. अत्यंत प्रामाणिक दिसणारे नकाशे. आणि १८५२ मध्ये हीच मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागातली माणसं तिच्याविरुद्ध उठली. अफूच्या माळेवर कोणी चिडलं नव्हतं, साखळीवर चिडले. तिच्या प्रत्येक टोकाला शेतसारा बांधलेला होता, हे शेतकऱ्याला बरोबर कळलं होतं. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. ते राहिलं, पुढच्या वेळी बोलवा.

रेनेलच्या नकाशाची प्रत मी आज सोबत आणलीय, मखरासकट. त्या टेबलावर ठेवतो. भिंगं दोनच आहेत, तेव्हा रांगेने या, आणि ज्यांच्या घरी खसखस पेरलेली पाहिलेलं कोणी म्हातारं माणूस असेल त्यांनी त्यांना पुढे घेऊन या.