जागाही रिकाम्या, सिस्टरही रिकाम्या

नमस्कार. मिरजेत येऊन दवाखान्यांबद्दल बोलायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा कसा करतात ते सांगण्यासारखं आहे, ते काय मी करणार नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, सुई दिसली की मान फिरवतो. पत्रिकेवर विषय छापलाय 'कुशल मनुष्यबळाचे स्थलांतर आणि विकसनशील देशांची श्रमबाजारपेठ', असलं घरात कुणी बोलत नाही, तर आपण सरळ म्हणू की शिकलेली माणसं परदेशी गेली की मागं राहिलेल्यांच्या नोकरीचं आणि पगाराचं काय होतं. आयटीवाल्यांना आज सुट्टी, त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. आज फक्त नर्स.

तीनेक वर्षांपूर्वी माझी आई निमोनियानं आयसीयूत होती. वय ८१, हाताला शीर म्हणून सापडत नाही. तिथं एक मल्याळी सिस्टर होत्या, अकरा वर्षं आयसीयूत काढलेल्या, त्या आईचा हात घ्यायच्या, दोन बोटांनी चाचपायच्या, "आजी, खोकून दाखव" म्हणायच्या आणि आई खोकेपर्यंत सुई आत गेलेली असायची. एका रात्री मॉनिटरवरचे आकडे सगळे ठीक होते तरी यांनी आईच्या ओठांकडे बघून डॉक्टरांना झोपेतून उठवलं, आणि ते बरोबर निघालं. पुढच्या वर्षी परत तोच दवाखाना, तोच वॉर्ड, पण सिस्टर आयर्लंडला गेलेल्या. त्यांच्या जागी लातूरकडची एक मुलगी, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन वर्ष झालेलं, चार वेळा टोचलं, चौथ्यांदा तिचेच डोळे भरून आले, शेवटी वॉर्डातल्या मावशींनी पाणी आणून दिलं ते आईला नाही, तिला. आता नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात बघा, त्या सिस्टर म्हणजे एक नर्स आणि ही मुलगी म्हणजेही एक नर्स. आपली सगळी भांडणं या रजिस्टरावरून चालतात आणि तिथंच घोळ आहे.

नेहमीचा हिशोब काय असतो, शंभर शिकवल्या, वीस गेल्या, ऐंशी उरल्या, देशाचं वीसचं नुकसान. ब्रेन ड्रेन. याच हिशोबावरून १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी, म्हणजे आपल्या मुंबईचेच, सुचवलं होतं की बाहेर गेलेल्यांच्या कमाईवर कर लावा आणि तो मायदेशाला द्या. कर काही लागला नाही. पण त्यांनी कोइची हमादा नावाच्या जपानी अर्थतज्ज्ञाबरोबर १९७४ मध्ये एक पेपर लिहिला, त्यातला मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो. माणूस विमानात बसायच्या आधीच बाजार बदलायला लागतो. बाहेरचा पगार डोळ्यांसमोर दिसायला लागला की इथं कोण काय शिकतं, कशासाठी किती दिवस थांबतं, सगळंच हलतं.

हे बघायचं तर फिलिपाइन्ससारखा देश नाही. अमेरिकेचं राज्य होतं तिथं, नर्सिंग शाळा अमेरिकन धर्तीच्या, शिक्षण इंग्रजीत. १९७४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी नवा कामगार कायदा केला आणि माणसं बाहेर पाठवणं हे थेट सरकारी धोरण केलं, त्याला पुढे स्वतंत्र खातं. आज परदेशातून घरी येणारा पैसा तिथल्या जीडीपीच्या आठ-नऊ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडे गावात एकाचं पोरगं मुंबईला असतं आणि घराला स्लॅब पडतो, तसा तिथं अख्खा देश.

२००० नंतर अमेरिकेनं नर्सना व्हिसा देणं वाढवलं आणि तिथं जे सुरू झालं ते आपल्याकडच्या डीएड कॉलेजांची लाट बघितलेल्याला लगेच ओळखू येईल. गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेज. दुसरं काही शिकत असलेली मुलं इकडे वळली. डॉक्टर, हो डॉक्टर, हजारोंनी परत कॉलेजात बसून नर्स व्हायला लागले कारण अमेरिकेत नर्सचा पगार फिलिपाइन्समधल्या डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त. २००४ मध्ये डॉक्टरांच्या लायसन परीक्षेत देशात पहिला आलेल्या मुलानं जाहीर केलं की मी अमेरिकेला नर्स म्हणून जाणार. आपल्याकडे एमबीबीएसला पहिला आलेला असं म्हणाला तर पेपरवाले काय करतील विचार करा, तिथंही तेच झालं. २००६ मध्ये नर्सिंगच्या लायसन परीक्षेचा पेपर फुटला, तोही मोठा गाजला. २००७ च्या आसपास अमेरिकेनं व्हिसाची खिडकी जवळजवळ मिटली, आणि कॉलेजातून निघालेला लोंढा दारात उभा.

या सगळ्याचा अभ्यास पाओलो आबार्कार आणि कॅरोलिन थिओहॅरिडीस या दोघांनी केलाय. त्यांना काय सापडलं, तर एक नर्स परदेशी गेली त्यामागे देशात नऊ जादा नर्सना लायसन मिळालं. नऊ! म्हणजे शंभरातून वीस वजा हा हिशोब कोलमडलाच, उलटी बेरीज झाली. हे सांगितलं की माझे काही मित्र लगेच टाळ्या वाजवतात, बघा, जाऊ द्या सगळ्यांना, मागं नऊ येतात. त्यांना मी म्हणतो त्याच अभ्यासातलं पुढचंही वाचा, लायसन परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. आणि मुख्य म्हणजे नऊ नर्स झाल्या खऱ्या, पण त्यांना नोकरी कुठाय?

इथं मला जरा थांबायचंय. त्या काळात फिलिपाइन्समध्ये 'व्हॉलंटियर नर्स' हा प्रकार निघाला. म्हणजे लायसन असलेली मुलगी दवाखान्यात पूर्ण ड्युटी करते, पगार शून्य, आणि कित्येक ठिकाणी उलट तिनंच दवाखान्याला ट्रेनिंग फी म्हणून पैसे द्यायचे. का? तर परदेशातला मालक अनुभवाचं सर्टिफिकेट मागतो. शेवटी सरकारला हे बंद करा म्हणून सांगावं लागलं. आता पुस्तकातला मागणी-पुरवठा काय म्हणतो, माणसं बाहेर गेली, टंचाई झाली, की उरलेल्यांचा पगार वाढणार. नाही वाढला, कारण पगाराचा मोठा भाग पैशात मिळतच नाही, तो त्या अनुभवाच्या कागदात मिळतो. पोरीला माहितीय की दोन वर्षं काढली की आखात, पुढे युके, म्हणून ती आज कमी पैशात तयार होते, आणि दवाखान्यालाही माहितीय की तिला माहितीय. एक गेली की रांगेत दुसरी उभी. मग सिनियर सिस्टरला टिकवायला दवाखाना कशाला पैसे खर्च करेल, लंडनशी बरोबरी तर होणारच नाही. दहा वर्षं काढलेलीचा पगार नवीन मुलीपेक्षा थोडाच जास्त, मग ती जाणारच. आणि ती गेली की नवीनला शिकवणारं कोण?

म्हणून टंचाई आणि बेकारी एकाच वेळी नांदतात. रिकाम्या असतात त्या आयसीयू, ओटी, डायलिसिस, लहान बाळांच्या विभागातल्या जागा. आणि घरी बसलेल्या असतात त्या काल पास झालेल्या. डीएडचं मी म्हणालो खरं, पण तिथं निदान अनुभवी मास्तर तरी गावातच राहिले.

आपल्याकडे याचं केरळ व्हर्जन आहे आणि त्यात मधला थांबा आपण आहोत. मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यात मल्याळी सिस्टर आपण लहानपणापासून बघतोय, पण त्या इथं राहायला येतात हा आपला गैरसमज. कित्येकींसाठी आपण म्हणजे एसटी स्टँड. कोट्टायमहून शिकून निघायचं, बॉम्बेला नाहीतर दिल्लीला दोन वर्षं, मग सौदी नाहीतर कुवेत, मग आयर्लंड. शिक्षण कर्ज काढून झालेलं, त्याचा हप्ता सुरू, आणि इथं दवाखाना हातात टेकवतो तुटपुंजा पगार, वर बाँड लिहून घेतो आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेतो. पगार वाढवून माणूस थांबवायचं सोडून ही कुलूप लावून थांबवायची पद्धत. यावरूनच २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ सगळीकडे खासगी दवाखान्यांतल्या नर्सचे संप झाले. केरळमध्ये २०१८ ला खासगी दवाखान्यांसाठी महिना किमान २०,००० रुपये ठरले, ते असंच रस्त्यावर उतरून उतरून.

कर्ज किती घट्ट असतं ते २०१४ ला दिसलं. इराकमध्ये तिक्रितला युद्धात आपल्या ४६ नर्स अडकल्या, बाहेर बॉम्ब पडतायत आणि त्यातल्या काहीजणी परत यायला कां-कू करत होत्या, कारण थकलेला पगार मिळाला नव्हता आणि घरी कर्ज उभं. २०१५ मध्ये कोचीत कुवेतच्या भरतीचं प्रकरण निघालं, नियमानं जिथं १९,५०० रुपये घ्यायचे तिथं एजंटानं साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप होता. म्हणजे बाहेरचा जादा पगार मधेच कोण खातो तेही बघा, तो सगळा पोरीच्या घरी जातो असं नाही.

मग बंदी घाला, असं कुणीतरी म्हणतंच. फिलिपाइन्सनं घातली. कोविडमध्ये, एप्रिल २०२० ला, नंतर वर्षाला पाच हजारांची मर्यादा ठेवली. बंदीनं नर्स देशात राहिल्या, पण तिथल्या दवाखान्यांचे पगार काही त्यामुळे वाढले नाहीत, व्हिसा हातात असलेल्यांनी आरडाओरडा केला. आणि मग फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं की तुम्ही आम्हाला लशी द्या, आम्ही नर्सची मर्यादा उठवतो. ब्रिटननं नको म्हटलं. मला ती बातमी वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

आता आपल्या दारात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार तरुण पाठवायचे, त्यात नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर आहेत. मी त्याच्या विरोधात नाही, आधीच सांगतो, पोरीला चांगला पगार मिळत असेल तर तिला देशभक्ती शिकवणारा मी कोण, मी स्वतः पेन्शन घेऊन बसलोय. माझी तक्रार वेगळी आहे. जर्मनांना भाषा आलेली, हात बसलेली नर्स पाहिजे. भाषेच्या क्लासचा खर्च कोण करणार यावर चर्चा होते, पण तो हात कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या आईच्या मनगटावर बसला त्याचा खर्च कुणाच्याच वहीत नाही. करार करताना नेणाऱ्यानं डोक्यामागे पैसे द्यावेत, पण ते आणखी एक कॉलेज काढायला नकोत, कॉलेज निघायला आपल्याकडे काही कमी नाही. ते सिनियर सिस्टरच्या पगारात यावेत, तिनं नवीन दोघींना वर्षभर हाताखाली घेऊन शिकवावं म्हणून. आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत कंत्राटावर ठेवलेल्या मुलींना कायम करायचं सोडून परदेशानं आपल्या नर्स पळवल्या म्हणणं, हे जरा जास्तच होतं.

ती लातूरची मुलगी मध्यंतरी मला दवाखान्याच्या कँटीनमध्ये भेटली, आईचे रिपोर्ट आणायला गेलो होतो. समोर चहा, बाजूला जर्मनचं पुस्तक, भाषेची बी-वन परीक्षा झालीय म्हणाली, पुढच्या बी-टूची तयारी चाललीय. मी विचारलं, आणि शीर? हसली. म्हणाली, "आता पहिल्या फटक्यात लागते, काका."