तेजीचा बाजार वर्गात शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार. बाजार चढू लागला की वर्गावर्गांत शेअरचे खेळ सुरू होतात. प्रत्येकाला एक लाखाचे खोटे पैसे, मुदत दहा आठवडे, जास्त नफा त्याला बक्षीस. शिक्षकहो, घोळ इथेच होतो. तेजीत बहुतेक सगळेच कमावतात आणि पहिला येतो तो बहुधा एकाच शेअरात सगळं ओतणारा. बक्षीस कशाला मिळालं? बेफिकिरीला.

मुलांना अर्व्हिंग फिशर यांची गोष्ट सांगा. हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले नामांकित अर्थशास्त्रज्ञ. नोंदींच्या कार्डांची वरची कड एका नजरेत दिसेल, अशी मांडणी त्यांनी शोधून काढली. १९२५ मध्ये त्या मांडणीवर उभारलेला धंदा विकून हाती चांगला पैसा आला. तो त्यांनी शेअरांत घातला. तेवढ्यावर थांबले नाहीत, कर्ज काढून आणखी शेअर घेतले. कर्ज काढून, हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबर १९२९. भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचलेत, असं फिशर जाहीरपणे म्हणाले. त्याच महिन्यात बाजार कोसळला. ३ सप्टेंबरला ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक, म्हणजे अमेरिकी बाजाराची पातळी दाखवणारा आकडा, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. फिशर यांची संपत्ती गेली, कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं. शेवटी त्यांचं राहतं घर विद्यापीठाने विकत घेतलं आणि त्यांनाच भाड्याने दिलं! व्याजाच्या शास्त्रात ज्यांचा शब्द प्रमाण, त्यांची ही गत. कर्ज मंदीला कसं खोल नेतं, हे १९३३ मध्ये त्यांनीच लिहिलं.

आता फळ्यावर गणित मांडा. स्वतःचे ५,०००, उसने ५,०००, मिळून १०,००० चे शेअर. भाव ४० टक्के पडला, शेअर उरले ६,००० चे. उसने ५,००० परत केले की हातात १,०००, व्याज वेगळंच. बाजार पडला ४० टक्के, आपले गेले ८० टक्के. पुन्हा सांगतो: पडला ४०, गेले ८०. आणि पैसे उसने देणारा दलाल भाव सावरेपर्यंत थांबत नाही. तो मध्येच आणखी पैसे मागतो, नाही भरले तर शेअर विकून मोकळा होतो. कर्ज नसलं तरी भरपाई सोपी नाही. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के चढावा लागतो.

खेळ बंद करू नका, गुण देण्याची रीत बदला. खरेदीआधी कारण वहीत लिहायचं, दलाली प्रत्येक सौद्यात वजा करायची, एका शेअरात पाचव्या हिश्शाहून जास्त घालायचं नाही. नफा निर्देशांकाशी ताडून पाहायचा. निर्देशांक १२ टक्के चढला आणि मुलाने १० मिळवले, तर तो मागेच पडला. निम्मे गुण वहीला. आणि शेवटच्या आठवड्यात, न सांगता, सगळे भाव ३० टक्क्यांनी खाली आणा. मग वह्या गोळा करा.