घरातल्या माणसावर खुनाचा आरोप येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गावात खून होतो, रात्रीतून पोलिसांची गाडी येते आणि एखाद्या घरातला कर्ता पोरगा घेऊन जाते. ओट्यावर बसलेली आई एकच वाक्य धरून बसते, "मन्हा आंडोर असं करूच शकत नही." उजाडेपर्यंत चहाच्या टपरीवर निकालही लागलेला असतो. ज्याला नेलं त्याचा निवाडा कोर्ट करेल. आजचं बोलणं मागे राहिलेल्या घराबद्दल आहे, आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल. नातं सोडू नका, पण नात्यापायी खोटं बोलू नका आणि काही लपवू नका. पहिल्या आठ दिवसांत ज्या घराला हे जमत नाही, त्या घरातला दुसरा माणूसही आरोपी होऊन बसतो.

सगळ्यात आधी वही घ्या. कोणतं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, तपास अधिकारी कोण, एवढं लिहून काढा. अटक झाल्याचं आणि माणूस कुठे ठेवलाय हे नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतात. सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. रात्री दोनला नेलेल्या पोराची अटक कागदावर दुपारी चारची दिसली, तर तिथेच तसं सांगा आणि वकिलाच्याही कानावर घाला. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं असतं, आणि ते तास अटकेपासून मोजतात.

गावात अजून सगळे "तीनशे दोन लागलं" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या दिवसापासूनच्या गुन्ह्यांत खुनाला कलम १०३ लागतं आणि सदोष मनुष्यवधाला १०५. या दोन्हींत शिक्षेचा फरक मोठा आहे, म्हणून नेमकं कलम विचारा.

आता पैशांचं. खेड्यापाड्यांत इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी येतो, "साहेबांशी बोलणं झालंय, अमुक इतके द्या, पोरगा संध्याकाळी घरी," असं सांगतो, आणि घर अर्धा एकर गहाण टाकून मोकळं होतं. खुनाचा खटला सेशन कोर्टात चालतो, आणि अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडलाच मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाहीत. मग तो पैसा गेला कुठे? जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात करावा लागतो. तिथे नाकारला, तर खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांना उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या माणसाला ती वारी किती लांबची ते सांगायला नको, म्हणून पैसा त्या टप्प्यासाठी राखून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. मदतीचा नंबर १५१००.

खुनाच्या गुन्ह्यात पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, एकूण १५ दिवसांची असते. पण नव्या कायद्याप्रमाणे ती पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानेही घेता येते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला म्हणजे पीसीआर संपला, असं धरून चालू नका. दोषारोपपत्राला ९० दिवसांची मुदत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजा. मुदत टळली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मागता येतो; मात्र ते दाखल होण्याआधी अर्ज गेला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. शिक्षेचा काही भाग आत काढला की कच्च्या कैद्याला सोडतात, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ती सवलत नाही.

माणूस अजून सापडलेला नसेल, तर घराची खरी परीक्षा असते. त्याला मामाच्या मळ्यात, सुरतेला उधन्यातल्या भावाकडे लपवणं हा गुन्हा आहे. आश्रय देण्याच्या कलमातून सूट फक्त नवऱ्याला आणि बायकोला आहे. आईला नाही, बापाला नाही, भावाला नाही. पुरावा नाहीसा करण्याच्या कलमात तर बायकोलाही सूट नाही. रक्त लागलेला सदरा बाईने घाईघाईने धुऊन वलणीवर टाकला, दिराने कुऱ्हाड विहिरीत टाकली, पोराने फोनमधले मेसेज पुसले, की खुनासारख्या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. माणूस प्रेमापोटी हे करतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच कळकळीने सांगतो, त्या कपड्यांना हात लावू नका. फरारी घोषित झाला तर त्याच्या नावच्या जमिनीवरही जप्ती येऊ शकते. वकिलाला सोबत घेऊन हजर करणं हाच मार्ग.

जबाबासाठी बाईला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या ठिकाणी घ्यायचा असतो. आरोपी अठराच्या आतला वाटत असेल, तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद त्याच दिवशी वकिलाकडे द्या. असं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आता गावाकडे येऊ. खान्देशात बांध, पाटाचं पाणी, वाटणी यांवरून गेलेला जीव बऱ्याचदा भाऊबंदकीतलाच असतो. मेलेला आणि आरोपी एकाच गल्लीतले, कधी एकाच आडनावाचे. मयतीहून परतलेला जमाव आरोपीच्या घरावर जातो तो याच गल्लीतून. भीती वाटत असेल तर ठाण्यात लेखी अर्ज द्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच घ्या. काही दिवस नातेवाइकांकडे जायचं असेल तर पत्ता आणि फोन नंबर ठाण्यात लिहून द्या, नाहीतर पळून गेले असाच अर्थ निघतो.

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठार मारलं. अटकसत्र सुरू झालं आणि भीतीने पाडा ओस पडला. पेरणीचे दिवस होते. ज्याचा हात नव्हता तोही पळतो, आणि पळाल्यामुळेच संशयात येतो.

पुढे बैठक बसते. या घराला किराणा द्यायचा नाही, डेअरीत दूध घ्यायचं नाही, पिठाच्या गिरणीवर दळण घ्यायचं नाही, लग्नाचं आवतन द्यायचं नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायत असो की भावकी, पुढाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

दुसरी बैठक पैसे देऊन मिटवायची. सातपुड्याच्या पाड्यांवर पंच बसवून तंटा मिटवायची रीत जुनी आहे, पण खुनाचा गुन्हा आपसात मिटत नाही. फिर्याद सरकारची असते. रक्कम घेऊन साक्ष फिरवायचं ठरलं, तर देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. जामिनावर सुटलेल्याच्या घरचे साक्षीदाराकडे नुसते "बोलायला" गेले तरी जामीन रद्द व्हायची वेळ येते. मृताच्या घरी दुःख कळवायचं असेल तर दोन्ही घरांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्यामार्फत कळवा, आणि केसचा शब्दही काढू नका. त्या घरचा माणूस गेलाय. त्यांच्या वारसांना विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते, हे गावाने त्यांना जरूर सांगावं.

नवऱ्यावर बायकोच्या खुनाचा आरोप असेल, तर सगळ्यात जास्त हाल लेकरांचे. आजी-आजोबांची ओढाताण चालते आणि लेकरू बहुतेक वेळा साक्षीदारही असतं. काय सांगायचं ते त्याला कुणीही पढवू नका, ना या घरच्यांनी, ना त्या. सांभाळायला कुणी नसेल तर मुलांच्या मदतीच्या १०९८ या नंबरवर फोन करा. शाळेत गुरुजींना आधी भेटून ठेवा, म्हणजे वर्गात बापाच्या नावाने चिडवणं सुरू झालं की ते थांबवतील.

तुरुंगात भेटीला ओळखपत्र लागतं. कॅन्टीनसाठी पैसे मनीऑर्डरने पाठवता येतात. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे चालतात. जामीन मिळाला की जामीनदार लागतो, सातबारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन. माणूस तारखेला आला नाही तर जामिनाची रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, म्हणून मेव्हण्याची सही घेण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगा.

शेजाऱ्यांनो, वर्षभर कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्या घरात शेताकडे बघणारं कुणी उरत नाही. अशा घरी सालदारही टिकत नाही, आणि रावेर-यावलकडच्या केळीला ऐन वैशाखात चार दिवस ठिबक बंद राहिलं तर घड बसतो. सकाळी स्वतःची मोटार चालू करायला जाल तेव्हा बांधावरून त्यांचाही व्हॉल्व्ह उघडा, आणि कापूस वेचायला मजूर सांगाल तेव्हा दोन त्यांच्या वावरासाठीही सांगा.