उकिरडा गेला, उजनी हिरवी झाली

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं काटछाट करून)

मंडळी, हुरड्याचे दिवस आहेत. रविवारी संध्याकाळी रानात जायचं सोडून तुम्ही इथे आलात, त्याबद्दल आधी आभार. पत्रिकेत विषय 'पर्यावरण आणि मानव' असा छापलाय. मला खरं तर उकिरड्यावर बोलायचंय.

मोहोळ तालुक्यात आमच्या घरामागे उकिरडा होता. शेण, चुलीतली राख, बैलांनी उष्टावून टाकलेली कडब्याची बुडखं, सगळं त्यात. पाडवा झाला की वडील तो खणायला काढायचे. वरचा थर ओला, नाकाला झोंबणारा. हातभर खाली गेलं की खत काळं, भुसभुशीत, चहाच्या पत्तीसारखं, आणि वास पहिल्या पावसाचा. गाडीला तट्ट्या बांधून ते रानात जायचं. धनगर आले की दोन रात्री मेंढरं बसवायची, बदल्यात ज्वारी द्यायची. ज्वारी माणसाला, कडबा जनावराला, शेण रानाला. रानातून उचललेलं बरंचसं रानातच परत यायचं. गुऱ्हाळ आणि बाजार सोडले तर गावाबाहेर फारसं काही जात नव्हतं.

जुन्या दिवसांची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. तेव्हा पीक जेमतेम यायचं आणि 1972 चा दुष्काळ मी पाहिलाय. रान उपाशी असायचं, माणसंही.

आता नायट्रोजन, पिकाचं मुख्य खाद्य. हवेत तो 78 टक्के आहे, म्हणजे पीक त्यात बुडालेलंच आहे, पण त्याला तो घेता येत नाही. दोन अणूंची मिठी इतकी घट्ट की ती सोडवायला एक तर आकाशातली वीज लागते, नाही तर काही खास जिवाणू. 1909 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं प्रयोगशाळेत ही मिठी सोडवून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशनं त्याचा कारखाना उभा केला आणि 1913 मध्ये तो चालू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ताटातलं अन्न या युक्तीवर उभं आहे. युरियाही याच अमोनियापासून होतो, तेव्हा त्याला शिव्या घालताना जरा जपून.

फक्त हिशेब बघा. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नायट्रोजन 46 टक्के, म्हणजे पोत्याला साधारण 20 किलो 700 ग्रॅम. आपली काळी जमीन चुनखडीची, ऊन सोलापूरचं. युरिया वर फेकून पाणी द्यायला दोन दिवस उशीर झाला, की त्यातला काही अमोनिया होऊन उडून जातो. उसाला पाट सोडून दिला की काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. आपण पैसे मोजतो पोत्याचे, पिकाच्या तोंडी लागतं त्यातलं निम्मं, कधी त्याहून कमी.

पिकाचं दुसरं खाद्य फॉस्फरस, त्याची गोष्ट निराळी. त्याला हवेत उडता येत नाही. खडकातून माती, मातीतून पीक, आणि एकदा का पाण्याबरोबर वाहून गेला की समुद्राचा तळ. तिथून परत यायला लाखो वर्षं. आपण तो परदेशातल्या खाणींतून दगडाच्या रूपात विकत आणतो, डीएपी नावाचं खत करून रानात टाकतो, आणि मग?

मग ज्वारी, साखर, दूध, भाजी पुण्याला जाते. तिथे माणसं जेवतात. माणूस वर्षाला तीन-चार किलो नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो, बहुतेक लघवीतून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ लाख माणसं धरा, माणशी तीनच किलो धरा. होतात एक कोटी ऐंशी लाख किलो. पोत्यांत मोजायचं तर साडेआठ लाखांवर पोती, दरवर्षी. सगळी उजनी धरणात पोचत नाहीत. काही मैलाशुद्धीकरणात हवेत जातात, काही गाळात अडकतात. पण पवना, मुळा, मुठा, भीमा असा उतार सरळ आपल्याकडेच आहे. चक्र होतं, त्याची गटार झाली.

उन्हाळ्यात भिगवणकडे उभं राहून पाणी ओंजळीत घ्या, बोटांना हिरवा रंग लागतो. शेवाळाला खत मिळालं की ते माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही ऑक्सिजनच खातं. म्हणून मासे मरतात ते पहाटे. कोळ्यांना हे पुस्तक न वाचता माहीत आहे. आणि चार-पाच दिवसांनी याच धरणातून आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याला मे महिन्यात जो वास येतो, त्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. मी एकदा बाटली भरून तक्रार द्यायला गेलो, तर समोरच्या माणसानं बाटली न उघडताच 'पाणी स्वच्छ आहे' म्हणून सांगितलं!

आमच्या उकिरड्याच्या जागी आता पुतण्याचा ट्रॅक्टर उभा असतो. बैल गेले, तेव्हाच शेण गेलं. पुतण्याला मी दोष देत नाही. शेणखताची ट्रॉली आज त्याला युरियाच्या कितीतरी पोत्यांएवढी महाग पडते. युरियाचं पोतं पावणेतीनशेच्या आत येतं.

तो एक करतो, ऊस मोडला की हरभरा घेतो. आज सकाळी त्याच्या रानातून मी एक झाड उपटून आणलंय, ओल्या मातीसकट, कारण हिसका दिला तर मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी मातीतच राहतात. मुळीवरची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसते. गुलाबी म्हणजे जिवाणू कामावर आहेत. हिरवट किंवा करडी असेल तर आतलं काम थांबलंय. हाबरनं भट्टी तापवून केलं ते इथे मातीच्या गारव्यात चाललंय. टेबलावर ठेवलंय झाड. मागच्या रांगेतली पोरं आधी या, सुपारी कातरायचा अडकित्ता कुणाकडे असेल तर तोही आणा.