पहिली गाडी पूर्ण उघडू नका

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. तर विषय असा ठरलाय की पहिली क्लासिक स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करायची तर कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर. तो क्रम मी कागदावर लिहून आणलाय आणि सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट कित्येक वर्षं डोक्यात आहे ती बोलून घेतो, कारण ती पटली नाही तर त्या क्रमाला काही अर्थच उरत नाही. गोष्ट एवढीच आहे, की पहिली गाडी पूर्ण उघडू नका. चाकांवर ठेवा, चालती ठेवा. एक काम उघडा, ते पुरं करून बंद करा, गाडी एक चक्कर फिरवून आणा आणि मगच पुढच्या कामाला हात लावा.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण करताना फार जड जातं, कारण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर चित्र असतं ते नुसत्या सांगाड्याचं, रंग काढलेला चकचकीत पत्रा, बाजूला टेबलावर ओळीने मांडलेले पार्ट. व्हिडिओत दोन वर्षांचं काम वीस मिनिटांत बघितलेलं असतं त्यामुळे मधले ते महिने, जेव्हा एकही बोल्ट हललेला नसतो, ते आपल्याला दिसतच नाहीत. अर्धवट सोडलेल्या गाड्या मी खूप बघितल्यात आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माणसाला काम येत होतं, पैसेही होते, फक्त गाडी डब्यांत गेली होती. आणि डब्यांत गेलेली गाडी तुम्हाला रविवारी सकाळी उठवत नाही.

माझीच सांगतो. माझी पहिली गाडी एमजीबी रोडस्टर, 1971 ची. इथे बऱ्याच जणांना माहीत आहे तरी नवीन मंडळींसाठी, एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, 1962 ते 1980 या काळात बनली, पाच लाखांहून जास्त बनल्या, 1798 सीसीचं साधं लोखंडी इंजिन आणि पेट्रोल-हवा मिसळणारे दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, आणि पहिल्या गाडीसाठी मी आजही हीच सुचवतो कारण पार्ट जवळजवळ सगळे मिळतात. 1988 पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने अख्खी नवी बॉडीच पुन्हा बनवायला घेतली, जुन्या साच्यांवर! मूळ कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! दुसऱ्या किती गाड्यांचं असं भाग्य आहे सांगा.

तर माझी गाडी घेतली तेव्हा चालत होती. हे लक्षात ठेवा, चालत होती. पुढच्या चाकामागे, दाराखाली जो सिल असतो तिथे वाटाण्याएवढा एक फोड होता रंगाला. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंज आतून बाहेर येतो मंडळी, बाहेरून आत नाही. चाकाने उडवलेला चिखल आतल्या कप्प्यात साठतो, ओला राहतो, आतून पत्रा खातो आणि लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते म्हणून तो रंगाला ढकलून फोड आणतो. म्हणजे फोड दिसला तेव्हा आतला कार्यक्रम संपलेला असतो.

आणि आत काय निघालं? वर्तमानपत्र. गोळे करून कोंबलेलं वर्तमानपत्र, त्यावर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, आणि त्यावर जुन्या कुजलेल्या सिलवरच ठोकून वेल्ड केलेला नवा पत्रा. कुठल्या तरी वर्कशॉपने हे केलं होतं, आधीच्या मालकाकडून पूर्ण कामाचे पैसे घेऊन केलं होतं, बिलावर लिहिलेलं होतं दोन्ही सिल बदलले. मला याचा राग आजही येतो आणि तो मी लपवणार नाही. कारण एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. रोडस्टरला वर छत नाही. मग गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतं कोण? मधला बोगदा थोडंफार, आणि बाकी सगळं हे दोन सिल. एक सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा सिल, आतला सिल आणि दोघांच्या मधोमध उभा पडदा, असे तीन थर मिळून ती पेटी होते. त्या पेटीत कागद भरून देणं म्हणजे माणसाच्या पाठीच्या कण्यात कापूस भरून देण्यासारखं आहे, आणि त्या गाडीत कोणाची तरी मुलं बसणार होती. गाडी बघायला जाल तेव्हा पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक खिशात ठेवा, सिलवर, चाकांच्या कमानींवर, दाराच्या खालच्या कडेला फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे.

तर राग आला आणि रागाच्या भरात मी ठरवलं की आता सगळंच उघडायचं. तीन आठवड्यांत इंजिन बाहेर, सीट बाहेर, दारं बाहेर, पुढचे मडगार्ड बाहेर, वायरिंगसुद्धा ओढून काढलं. सांगाडा पुढून दोन आणि मागून दोन अशा चार स्टँडवर ठेवला, ग्राइंडर घेतला आणि डावा सिल कापला. पूर्ण, तिन्ही थर. नवा सिल बसवला, वेल्ड केला, चांगला केला, त्या वेल्डिंगला आजही कोणी नाव ठेवणार नाही. मग दार लावायला गेलो. दार बसेना. खाली बोट जाईल एवढी फट आणि वर दार मागच्या खांबावर घासतंय. अर्धा तास मी बिजागऱ्यांशी झटत होतो, मग खाली बसलो आणि लक्षात आलं की दार बरोबर आहे, गाडी वाकलीय. दोन टोकांना टेकू, मधला कणा कापलेला, मध्ये सांगाडा खाली बसला, दाराची चौकट वरून आवळली गेली आणि मी ती तशीच कायमची वेल्ड करून टाकली.

त्या दिवशी मी गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि पुढची पाच वर्षं काहीही झालं नाही. आणि खरं नुकसान त्या पाच वर्षांत झालं बरं का, सिलने नाही. उभ्या गाडीला आपण समजतो ती थांबलीय, ती थांबलेली नसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्या पाण्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजले आणि पिस्टन जाम झाले. अर्धी रिकामी टाकी वरून गंजली. इंजिन कोपऱ्यात उभं होतं, प्लग काढून ठेवलेले, मी भोकं झाकायलाही विसरलो होतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटल्या. भेदक तेल ओतून नऊ दिवस ठेवलं, रोज थोडं तेल, रोज क्रँकच्या बोल्टवर हलका जोर, दहाव्या दिवशी हललं. आणि बोल्ट! दोन मोठ्या डब्यांत सगळे बोल्ट एकत्र, पिशव्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, कारण काढताना वाटलं होतं लक्षात राहील. पाच वर्षांनी काय राहणार.

शेवटी एका जुन्या वेल्डिंगवाल्या काकांनी मार्गी लावलं. ते आले, बघितलं, एक शब्द बोलले नाहीत, खडूने रेघ मारली आणि म्हणाले, परत काप. पण कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप टाचून घेतला, तो मध्ये स्क्रूने लांब-आखूड होणारा. मग कापलं, मग मधोमध खाली जॅक लावून अगदी थोडंथोडं उचलत, पाइप ताणत, दार अडकवलेलंच, फटी सारख्या होईपर्यंत. मग वेल्डचे नुसते टाके, दार उघडून-लावून बघायचं, परत टाके. पूर्ण दिवस गेला. काकांचा नियम, एका वेळी एकच बाजू, आणि दार जागेवर नसताना सिलला हात लावायचा नाही. दार हेच मोजमाप. हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं नीट सांगितलं नव्हतं.

आणि म्हणून मी म्हणतो की गाडी गाडीच राहू दे. इंजिन आत असतं, दारं जागेवर असती, चाकांवर असती, तर तो सिल मी महिन्याभरात केला असता, चुकलो असतो तर लगेच कळलं असतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी गाडी सुरू करून तिचा आवाज ऐकला असता. तो आवाज पुढच्या रविवारची शिदोरी असते.

काय? दहा मिनिटं? बरं, बरं, क्रम. कागद काढतो.

आधी ब्रेक. इंजिन सुरू होत नसलं तरी आधी ब्रेक, कारण इंजिन सुरू झालं की माणूस गाडी हलवतोच. सुरुवातीच्या एमजीबीत ब्रेकचं सर्किट एकच होतं, एक गळती आणि चारही चाकं गेली. रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून फुगलेल्या असतात, ऑइल आत जातं पण परत येत नाही, ब्रेक धरलेलाच राहतो. नळ्या बघत बसू नका, सरळ बदला. जुन्या ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या पत्र्यावर कधीही वेल्डिंग नको, क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो, जीव जातो. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँडशिवाय जायचं नाही, हे शंभरदा सांगेन.

मग पेट्रोल. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं, सगळे पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे. टाकीला घरी वेल्डिंग नाही, रिकामी असली तरी नाही, रिकामीत वाफ असते.

मग वायरिंग. लोक सगळं वायरिंग बदलायला निघतात आणि दहातल्या आठ वेळा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो, तो घासून घ्या आधी. ब्रिटिश गाड्यांत रंग ठरलेले असतात, काळी अर्थ, तपकिरी कायम जिवंत आणि फ्यूजशिवाय, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनची पण फ्यूजमधून. एवढं पाठ केलं तरी निम्मे फॉल्ट सापडतात. 1967 च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

मग इंजिनचं ट्यूनिंग आणि इथे सगळे उलटं करतात, पहिल्यांदा कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतात. आधी वाल्वचा गॅप, मग पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, आणि कार्ब्युरेटर शेवटी. एसयूचं फिल्टर काढा, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हींची शीळ सारखी आली की हवा सारखी झाली, बस. कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात, म्हणजे डॅशपॉटमध्ये, तेल आहे का तेही बघा, ते नसेल तर पाय दाबला की इंजिन अडखळतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

ज्यांनी एमजीबीऐवजी ट्रायम्फ स्पिटफायर घेतलीय त्यांच्यासाठी एकच, कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढे क्रँकच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्याला दिसेल एवढी मागेपुढे सरकली तर क्रँकला जागेवर धरणारे थ्रस्ट वायसर गेलेत, गाडी सुरू करू नका, आधी ते. पाने इंचाचेच घ्या, दोन्ही गाड्यांना. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, 13 चा पाना त्यावर बसतो असं वाटतं आणि गच्च बोल्टचे कोपरे खाऊन टाकतो.

पत्रा यानंतर. रंग सगळ्यात शेवटी, आणि एखाद वर्ष रंगाविना फिरलात तरी काही बिघडत नाही.

टायर राहिले. नक्षी बघू नका, साल बघा, बाजूला शेवटचे चार आकडे असतात, 2309 म्हणजे 2009 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी असली तरी असा टायर काढून टाका. बाकी प्रश्न बाहेर घेऊया, गाडी घेऊन आलोय, बॉनेट उघडंच ठेवलंय. डावं दार लावताना थोडं वर उचलून लावा.