सकाळची टिकटिक

एप्रिलमधली सकाळ आहे आणि साडेसहा वाजले आहेत. जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या या गॅरेजमध्ये एक पेट्रोल मोटार काल संध्याकाळी आणून ठेवली आहे, आणि मिस्त्रींनी रात्रभर तिचे इंजिन कोणालाही सुरू करू दिलेले नाही. चाळीसगावच्या एका कुटुंबाची ही गाडी सकाळी चालू केली की टिकटिक करते आणि गाव ओलांडेपर्यंत आवाज नाहीसा होतो. दुपारी गॅरेजमध्ये पोहोचलेल्या तापलेल्या इंजिनात ऐकण्यासारखे काहीच उरत नसल्यामुळे, एका ठिकाणी टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे, काम सांगितले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी थेट हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन उघडून करायचे मोठे काम.

मिस्त्री आधी ऑइलची पट्टी काढतात, पुसतात, पुन्हा घालून पाहतात. ऑइल पुरेसे आहे. अनेक नव्या इंजिनांतील टॅपेट ऑइलच्या दाबावर चालतात, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पहिले काही क्षण टकटक होणे स्वाभाविक असते. पातळी खाली गेलेली असेल, तर तीच टकटक लांबत जाते. इंजिन न उघडता, एका फडक्याच्या साहाय्याने होणारी ही तपासणी पुष्कळदा राहून जाते, याचे वाईट वाटते.

आता इंजिन सुरू होते. आवाज मोठा की लहान, यापेक्षा तो कोणत्या लयीत येतो हे महत्त्वाचे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे टॅपेट हलवणाऱ्या कॅमशाफ्टची एकच फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका टॅपेटचा आवाज मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सुमारे ७ वेळा येईल. अडचण अशी की एका सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या जोडातून गॅस फुटत असेल, तर तोही दोन फेऱ्यांमागे एकदाच फुटतो. लय सारखीच असल्यामुळे भलेभले इथे फसतात.

त्यामुळे कानाला जागा शोधावी लागते. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. पट्टा आणि पंखा फिरत असताना हे करायचे असल्याने गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवलेला आहे. ओढणी किंवा सैल बाही असेल तर जवळही जाऊ नये. टॅपेटचा आवाज या पोलादी दांड्यातून स्पष्ट यायला हवा होता, पण तो आला नाही. मग ते रबरी नळीचे एक टोक कानाशी धरतात आणि दुसरे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या, जोडाजवळून सावकाश फिरवतात. तिसऱ्या सिलिंडरपाशी फटफट एकदम मोठी होते. बॅटरीच्या उजेडात तिथे काजळीचा काळा पट्टाही दिसतो.

लोखंड तापले की प्रसरण पावते आणि जोडातली फट मिटते. चाळीसगावची वेस ओलांडताना आवाज बंद होण्याचे कारण एवढेच होते. मात्र आवाज बंद होतो म्हणून ही गळती सोडून देता येत नाही, कारण या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत शिरू शकतो, त्याला वास नसतो, आणि मागच्या सीटवर मुले बसलेली असतात.

सगळेच आवाज असे सौम्य नसतात. कन्नड घाट चढताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी किणकिण म्हणजे पेट्रोलचे मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटल्याची खूण असते. तेव्हा गिअर खाली घ्यावा, आणि उतरल्यावर कूलंट व साचलेला कार्बन तपासून घ्यावा. पट्ट्याची किंचाळी वेगळी असते: चरांच्या बाजूला थोडे पाणी शिंपडल्यावर ती क्षणभर थांबून परत आली, तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढली, तर पट्टा सैल आहे. भुसावळकडच्या ४५ अंशांच्या उन्हात आणि काळ्या मातीच्या धुळीत ही रबरे लवकर म्हातारी होतात. आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना खोलवरून जड ठोका ऐकू आला, तर ‘घरापर्यंत जाऊ’ हा विचार न करता इंजिन तिथल्या तिथे बंद करावे. तो पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका असू शकतो, आणि पुढचे काही किलोमीटर क्रँकशाफ्ट घालवू शकतात.

इथे काम सुरू होण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ दिले जाते. मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या स्टडवर (आट्यांच्या खिळ्यांवर) गंज सोडवणारे तेल टाकून बराच वेळ थांबावे लागते, कारण घाईत स्टड तुटला की साधे काम दिवसभराचे होऊन बसते. जोडातली फट बंद ठेवणारा थर, म्हणजे जुने गॅस्केट, निघते. ते एका बाजूला जळून पातळ झालेले आहे. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून पाहिला जातो, नवे गॅस्केट बसते, आणि नट मधून बाहेरच्या दिशेने, कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने आवळले जातात.

दुपारीच गाडी चालवून दाखवता आली असती. पण हा आवाज थंड इंजिनाचा होता, म्हणून गाडी आणखी एक रात्र इथेच राहते. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मालक स्वतः चावी फिरवतात. मिस्त्री बॉनेटवर वाकून नळी पुन्हा त्या जोडावरून फिरवतात, आणि मग ती मालकांच्या हातात देतात.